सिस्टरांचा दुसरा पेशंट

आमच्या इमारतीत कोणाला ताप आला की घरचे आधी डॉक्टरांना फोन करत नाहीत, तळमजल्यावरच्या सिस्टरांचं दार वाजवतात. सिस्टर हॉस्पिटलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची चाल अजून वॉर्डातलीच आहे. रबरी तळव्याच्या चपला, पावलांचा आवाज नाही, घाई नाही, आणि तरी आपण जिना चढेपर्यंत त्या कामाला लागलेल्या असतात. आल्या की आधी खिडकी उघडतात, मग हात धुतात, मग खुर्ची ओढून पलंगाशेजारी नुसत्या बसतात. माझ्या सुनेनं, तिचं पोर तापलेलं असताना, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, यांना काही सुचत नाहीये का?" मी तिला खुणेनं गप्प केलं. सिस्टर बघत होत्या. श्वास कसा चाललाय, कपाळावर आठी कधी येते, पोर कोणत्या कुशीवर वळायला बघतंय. असं बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी प्रश्न विचारला, आणि तो "काय होतंय?" असा नव्हता, "कधी होतंय?" असा होता.

"काय होतंय असं विचारलं ना बाई, की माणूस गोष्ट रचतो," त्या मला नंतर म्हणाल्या. "कधी असं विचारलं, की आठवायला लागतो."

त्यांच्या दोन खोल्या म्हणजे आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत खुपणारी गोष्ट. धूळ औषधालासुद्धा सापडायची नाही. दिवसातून दोनदा फरशी पुसायची, खिडकीचे गज ओल्या फडक्यानं एकेक करून पुसायचे, दिव्याच्या बटणांच्या कडासुद्धा कापसाच्या बोळ्यानं. "सिस्टरांकडे पाहुणी झुरळंसुद्धा पाय पुसून येतात," हे वाक्य त्यांच्या यजमानांचं.

यजमान म्हणजे आमचे कंडक्टरसाहेब. सगळी नोकरी शहराच्या बसमध्ये झाली. मी त्या काळी त्याच बसनं शाळेत शिकवायला जायचे, त्यामुळे त्यांचा आवाज मला ठाऊक होता. "पुढे सरका, आत काय भुताटकी आहे का? मोकळी जागा आहे, घाबरू नका!" अशी हाक आली की चिडलेली माणसंही हसत हसत सरकायची. तो माणूस निवृत्त झाला आणि काही वर्षांत एका आजारानं त्याचे हात, पाय आणि शेवटी जीभ, असं सगळं एकेक करून काढून घेतलं. बुद्धी जिथल्या तिथे, डोळे जिथल्या तिथे, थट्टेची सवय जिथल्या तिथे. हलतं आहे ते फक्त उजव्या हाताचं एक बोट.

त्यांची लेक दूरगावी असते, कॉम्प्युटरचंच काम करते. तिनं एका सुट्टीत येऊन घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बाबांसाठी एक सोय करून दिली. पडद्यावर अक्षरं ओळीनं उजळत जातात. हवं ते अक्षर उजळलं की बोटाखालचं बटण दाबायचं. अक्षरं जुळून शब्द होतात, शब्द जुळून वाक्य, आणि वाक्य झालं की कॉम्प्युटर ते एका सपाट, सर्दी झालेल्या आवाजात वाचतो. एक वाक्य म्हणजे कधीकधी चहा गार होईल एवढा वेळ. कंडक्टरसाहेबांनी त्या यंत्राकडून वदवलेलं पहिलं वाक्य होतं, "हा आवाज आमच्या डेपो मॅनेजरचा आहे, बदला." सिस्टर त्या दिवशी हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या. डोळ्यांत नेमकं कशाचं पाणी होतं, ते मी विचारलं नाही.

पाहुणा फार वेळ बसला, तर त्यांचा एक ठरलेला शब्द असे. बसमध्ये कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली की ड्रायव्हरनं गाडी हलवायची, तिला डबल बेल म्हणतात. यंत्र सपाट आवाजात म्हणायचं, "डबल." म्हणजे उठा आता. त्याचा राग कोणालाच यायचा नाही.

सिस्टरांनी त्यांना कसं ठेवलं आहे, हे बघायला माझ्या ओळखीचे एक डॉक्टर मुद्दाम आले होते. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस, आणि पाठीवर लाल ठिपका म्हणून नाही. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यानं पाठ पुसायची, टिपून कोरडी करायची, मग भरपूर पावडर लावून हलक्या हातानं चोळायची. हे करताना त्या त्यांच्याशी भांडत असतात. "अहो, अंग सैल सोडा. मी काय तिकीट मागतेय?" पलंगाच्या उशाशी, स्टुलावर, कॉम्प्युटरचा तो उभा डबा, सीपीयू. फरशी दोनदा पुसली जाते, पाणी लागू नये म्हणून तो जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवलेला. त्यावर क्रोशाचं विणलेलं आच्छादन होतं, ते लेकीनं काढायला लावलं. "आई, त्याला हवा लागते." सिस्टरांनी निमूटपणे काढलं. हवा हा विषय त्यांना पटतो.

तो कॉम्प्युटर एके दिवशी आपोआप बंद पडायला लागला.

सूचना नाही, कुरकुर नाही. कंडक्टरसाहेबांचं वाक्य अर्ध्यावर आलेलं असायचं, आणि पडदा काळा. पुन्हा चालू केला की चालू व्हायचा, पण लिहिलेलं सगळं गेलेलं असायचं. अक्षर अक्षर वेचून आणलेलं वाक्य असं सांडलेलं बघणं फार वाईट. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी, मग रोज, मग एका वाक्यात दोनदा.

इमारतीतल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी व्होल्टेजवर बोट ठेवलं. कंडक्टरसाहेबांच्या हवेच्या गादीचा पंप त्याच बोर्डावर आहे, तो वीज ओढत असणार, असं माझा मुलगा म्हणाला. मी व्हायरस म्हणाले. मला दुसरं काही येतच नव्हतं. सिस्टरांनी पंप वेगळ्या प्लगवर नेला, फरक पडला नाही. मग चौकातला कॉम्प्युटर मेकॅनिक आला. चांगला, सरळ माणूस. त्यानं वायर बदलून पाहिली, दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावून पाहिली, व्हायरस शोधून पाहिला. माझी फजिती झाली, एकही सापडला नाही. शेवटी त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि हसला.

"एरवी मी म्हटलं असतं, आत धूळ भरली असेल. पण सिस्टर, तुमच्याकडे धूळ?"

"माझ्या घरात?" सिस्टर म्हणाल्या. त्या दोन शब्दांत चाळीस खाटांचा वॉर्ड उभा होता.

"तेच म्हणतो. मग मला दुकानात न्यावा लागेल. आठवडाभर ठेवतो, एकेक पार्ट बदलून बघतो. पेशंटच्या खोलीत उघडायचा नाही, असा माझा नियम आहे. स्क्रू उडतात, कचरा उडतो."

"आठवडाभर?" सिस्टरांनी पलंगाकडे पाहिलं. "आणि तोवर यांनी काय करायचं?"

मेकॅनिकनं वायर गुंडाळायला घेतली. मोबाइलवर ते बोट चालत नाही आणि ते बटण फक्त या जुन्या यंत्रालाच जोडता येतं, हे त्यालाही ठाऊक होतं. लेक यायची ती सुट्टी लागल्यावर. सिस्टरांनी त्याला चहा दिला आणि यंत्र ठेवून घेतलं.

मग तो रविवार आला.

दर रविवारी कंडक्टरसाहेबांचे जुने जोडीदार, त्यांच्या बसचे ड्रायव्हर, त्यांना भेटायला येतात. उंच, वाकलेले, मोठ्यानं बोलणारे. गाडीच्या इंजिनाशेजारी आयुष्य गेल्यानं त्यांना कमी ऐकू येतं. या दोघांत एक जुनं भांडण आहे, आणि ते इतकं चवीनं जपलेलं आहे की मिटलं तर दोघंही पोरके होतील, असं मला वाटायचं. कधीकाळी एका स्टॉपवर कंडक्टरसाहेब कोणा म्हातारीचं गाठोडं उतरवायला खाली उतरले. गाडीत डबल बेल झाली. ड्रायव्हरनं गाडी सोडली. गाडी निघाली, कंडक्टर रस्त्यावर! पुढचे दोन स्टॉप बस बिनकंडक्टरची धावली आणि साहेब एका दूधवाल्याच्या सायकलवर मागे बसून हातवारे करत आले. ड्रायव्हरला मेमो मिळाला.

"पण बेल झाली होती!" इतक्या वर्षांनीही ते छातीवर हात ठेवून सांगायचे. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा. डबल बेल झाली की मी काय मागे वळून बघू? याला ठाऊक आहे कोणी वाजवली ते. सांगत नाही लेकाचा!"

यंत्र दर वेळी म्हणायचं, "सांगेन कधीतरी."

त्या रविवारी मीही तिथे होते. कंडक्टरसाहेबांचं बोट हलू लागलं. पडद्यावर उमटलं, "आज सांगतो." ड्रायव्हर खुर्चीतून पुढे सरकले. "ती डबल बेल" एवढं झालं, आणि पडदा काळा.

सिस्टरांनी चालू केला. साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "आज" वरच गेला. पुन्हा चालू. या वेळी दोन अक्षरं. आणि मग ड्रायव्हरना राहवेना. चांगल्या मनाचा माणूस, मित्राचे हाल बघवेनात.

"राहू दे रे, राहू दे. पाणी हवंय का? नको? मग पाठ दुखतेय का? वहिनी, याची कूस बदला बरं. का पंखा? पंखा लावू? अरे, मला कळतंय तुला काय म्हणायचंय, तू कशाला त्रास..."

कंडक्टरसाहेबांनी डोळे मिटले.

डोळे मिटणं म्हणजे काय, ते त्या खोलीतल्या तिघांनाही कळलं. त्यांच्याकडे दार लावून घ्यायला तेवढंच उरलं आहे. ड्रायव्हर टोपी चाचपत उठले. त्यांना कोणी डबल म्हटलं नव्हतं.

त्यानंतर ते बोट हललं नाही. सोमवारी सिस्टरांनी यंत्र चालू करून दिलं, अक्षरं ओळीनं उजळत राहिली, विझत राहिली, बोट बटणावर तसंच. जेवण भरवलं, ते गिळलं. पाठ पुसली, त्यांनी पुसू दिली. भांडण नाही. सिस्टर दुपारी माझ्याकडे वर आल्या, बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"बाई, मी असे पेशंट पाहिलेत," त्या म्हणाल्या. "दुखणं वाढत नाही, ताप वाढत नाही. नुसतं मागणं बंद होतं. मग बाकीचं बंद व्हायला वेळ लागत नाही."

एवढं बोलून त्या खाली गेल्या. मी मागोमाग गेले, तर त्यांनी स्टुलाशेजारी खुर्ची ओढली होती आणि त्या कॉम्प्युटरकडे बघत बसल्या होत्या. खिडकी उघडी, हात धुतलेले. त्यांनी त्याला ॲडमिट करून घेतलं होतं.

सिस्टर कॉम्प्युटर शिकलेल्या नाहीत. चालू करणं, बंद करणं, लेकीशी बोलणं, एवढंच त्यांना येतं. पण त्या दुपारी त्यांनी स्वतःला तोच एक प्रश्न विचारला. कधी? यंत्र बंद पडलं की त्या लगेच चालू करायच्या, आणि ते आधीपेक्षा लवकर बंद पडायचं. मग त्यांनी त्याला स्वयंपाक होईपर्यंत विश्रांती दिली. या वेळी ते बरंच टिकलं. सकाळी, रात्रभराच्या विश्रांतीनंतर, सगळ्यांत जास्त.

"व्होल्टेज असतं, तर कधीही पडला असता," त्या म्हणाल्या. "हा दमतोय. आणि दमला की..." त्यांनी उलटा हात डब्याच्या अंगाला लावला, पोराच्या गळ्याला लावावा तसा. "बघा."

मी हात लावला. चांगलाच गरम होता.

"ताप," सिस्टर म्हणाल्या.

मला वाटलं, निदान झालं. पण त्या तिथे थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी कापसाचा एक पातळ पिंजलेला धागा काढला आणि डब्याच्या मागच्या जाळीसमोर धरला. धागा किंचित थरथरला, न थरथरल्यासारखाच. पूर्वी श्वास फार मंद झालेल्या पेशंटच्या नाकाशी त्या असाच धागा धरायच्या, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या सुनेचा कॉम्प्युटर चालू असेल का?"

"असेल. कशाला?"

"निरोगी माणूस बघितल्याशिवाय आजारी कसा कळणार?"

आम्ही वर गेलो. माझी सून कामात होती. तिच्या टेबलाखाली सिस्टर वाकल्या आणि त्यांनी धागा धरला. तो फडफडत बोटातून निसटून सुनेच्या पायावर गेला. ती किंचाळली. सिस्टरांनी शांतपणे धागा उचलला. "याचा श्वास चांगला आहे. आमच्याला दम लागतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्राच्या अंगावर टेबलफॅन सोडून पाहिला. सकाळ गेली, दुपार झाली, एकदाही बंद पडलं नाही. पण तो वारा कंडक्टरसाहेबांच्याही छातीवर यायचा, आणि खोकला त्यांना परवडणारा नाही. फॅन बंद करावा लागला. सिस्टरांनी मेकॅनिकला फोन लावला. मी शेजारीच होते.

"दादा, त्याला ताप चढतोय आणि श्वास सुटत नाहीये. आत काहीतरी अडकलंय. उघडून बघायला पाहिजे. इथेच."

पलीकडून तो काहीतरी नियमाचं बोलला असावा.

"स्क्रू उडणार नाहीत. कचरा उडणार नाही. ती जबाबदारी माझी. तुम्ही फक्त हात आणा."

तो आला तेव्हा बाहेरच्या खोलीतलं जेवणाचं टेबल तयार होतं. स्वच्छ चादर, त्यावर वर्तमानपत्रं, स्क्रूंसाठी एक स्टीलची वाटी, एक मऊ ब्रश, कापूस, आणि टॉर्च धरायला मी. पंखा बंद. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं, कंडक्टरसाहेबांना ऐकू जावं म्हणून. मेकॅनिक दारातच थबकला.

"सिस्टर, बेशुद्धीचं इंजेक्शन कोण देणार?"

"वायर काढलीय. तुम्ही हात धुवा."

त्यानं मुकाट्यानं हात धुतले. मग एकेक स्क्रू काढून वाटीत टाकू लागला. सिस्टर त्याला हवं ते हवं तेव्हा हातात देत होत्या, तो मागायच्या आधी. बाजूचा पत्रा निघाला. मी टॉर्च आत धरला आणि आम्ही तिघंही वाकलो.

आत बर्फ पडलं होतं. म्हणजे मला तसंच वाटलं. जाळ्यांवर, पंख्याच्या पात्यांवर, सगळीकडे पांढरं. मेकॅनिकनं मधला छोटा पंखा उचलला. त्याच्या खाली पातळ पत्र्यांच्या चकत्या एकीला एक लागून उभ्या असतात. यंत्राचा मेंदू तापला की तो ताप या चकत्यांतून बाहेर जायचा असतो. त्या चकत्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर पांढऱ्या घोंगडीसारखा जाड थर बसला होता.

"मी हजारो उघडलेत," मेकॅनिक म्हणाला. "आत धूळ असते ती काळी, नाहीतर करडी. ही पांढरी कसली? भिंतीचा रंग गळतोय का तुमच्या?"

सिस्टरांनी त्या थराचा एक तुकडा चिमटीत घेतला. बोटांत चुरला. नाकाशी नेला.

त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत पाहिलेला आहे, मृत्यूसमोरसुद्धा. तो तसा कधी झाला नव्हता. त्या हळूच खुर्चीवर बसल्या.

"पावडर आहे," त्या म्हणाल्या. "यांच्या पाठीची."

मग आम्हालाही तो वास आला. रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं, पलंगाच्या उशाशी उडणारा तो मऊ ढग शेजारच्या स्टुलावरच्या यंत्राचा पंखा आत ओढून घेत होता. त्या घरात धूळ नव्हतीच. त्या घरात होती ती काळजी, आणि तीच आत जाऊन बसली होती. पाठीवर एक ठिपका येऊ न देणाऱ्या हातानंच त्या पाठीच्या मालकाचा आवाज कोंडला होता.

"मी म्हणाले होते, माझ्या घरात धूळ?" सिस्टर कोणाकडेही न बघता म्हणाल्या.

"अहो, ते मीही म्हणालो होतो," मेकॅनिक घाईनं म्हणाला. "तुमची फरशी बघून फसलो मी. पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. पण एक सांगतो, हा बिघडलेला नाहीये. जास्त तापला की आतलं जळू नये म्हणून तो स्वतःच बंद होतो. शहाणा आहे तो."

सिस्टरांनी मान हलवली आणि उठल्या. दुःख करायला त्यांनी स्वतःला दिलेला वेळ तेवढाच. मेकॅनिकनं सीपीयू मागच्या अंगणात नेला आणि ब्लोअर लावला. सुगंधी पांढरा लोट उठला. वरून विमावाल्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "काय हो, कोणाचं बाळ अंघोळ करतंय?" चकत्या मोकळ्या झाल्या. चकत्या आणि मेंदू यांच्यामधलं वाळून गेलेलं मलम पुसून त्यानं नवं लावलं. तेही सिस्टरांनी जवळून पाहिलं. "किती कमी लावता?" "जास्त लावलं तर उपयोग नाही." "बरोबर. मलमाचं तसंच असतं."

यंत्र पुन्हा खोलीत आलं, पण स्टूल आता पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीकडे. सिस्टरांनी कापसाचा धागा धरला. तो त्यांच्या बोटांतून उडाला.

त्या दिवशी ते बंद पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पूर्ण दिवस अक्षरं उजळत राहिली, विझत राहिली. आणि बोट बटणावर तसंच.

हे मात्र सिस्टरांनीही हिशेबात धरलं नव्हतं. यंत्र बरं झालं होतं, पण ज्याच्यासाठी बरं केलं, त्याचा त्यावरचा विश्वास उडाला होता. वाक्य पुन्हा सांडेल, आणि मग पुन्हा सगळे पाणी हवंय का, पंखा हवाय का, म्हणून धावतील. त्यापेक्षा डोळे मिटलेले बरे. सिस्टरांनी आग्रह केला नाही. फक्त दारातून येणाऱ्या प्रत्येकाला त्या बाहेरच थांबवून एक सूचना देऊ लागल्या, हॉस्पिटलात भेटीच्या वेळेची देतात तशी. "आत बसा हवं तितकं. पण त्यांचं वाक्य त्यांनीच पूर्ण करायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही. दिवस गेला तरी."

रविवारी ड्रायव्हर आले. त्यांनाही सूचना मिळाली. ते कधी नव्हे ते हळू आवाजात "बरं वहिनी" म्हणाले आणि मांडीवर टोपी घेऊन शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे बसले. मी खिडकीपाशी होते. सिस्टर पलंगावर बसल्या आणि त्यांनी नवऱ्याचा तो हात आपल्या हातात न घेता, बटणावरच राहू देऊन, त्याच्या शेजारी आपला हात ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला दारातून ऐकू आलंच असेल. तुमचं बोलणं मी बंद केलं होतं. रोज दोनदा, स्वतःच्या हातानं. पाठ चांगली राहावी म्हणून. मला कळलं नाही. आता तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू. पण यंत्रावर राग धरू नका. त्याची चूक नाही."

खोलीत गादीच्या पंपाची घरघर तेवढी होती. कंडक्टरसाहेबांनी डोळे उघडले आणि बायकोकडे पाहिलं. बराच वेळ. मग नजर पडद्यावर गेली.

बोट दबलं.

एक अक्षर. अक्षरं फिरली. दुसरं अक्षर. ड्रायव्हरच्या घशातून काहीतरी आवाज आला आणि त्यांनी तोंडावर टोपीच दाबली. मी पडद्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं की मनात पुढचा शब्द तयार व्हायचा. बाहेर कोणीतरी सायकल लावली, कोणीतरी जिना चढून गेलं. चहा गार झाला, त्यावर साय आली. सिस्टरांचा हात हलला नाही. आणि मग त्या सपाट, सर्दी झालेल्या आवाजानं, कुठेही न अडखळता, सगळं वाक्य वाचलं.

"ती डबल बेल सिस्टरनी वाजवली."

ड्रायव्हरनी टोपी खाली घेतली. "काय? कोणी? बाई, हा काय म्हणाला?"

"सिस्टरनी," मी ओरडून सांगितलं.

"वहिनी?" ते उभेच राहिले. "वहिनी, तुम्ही? माझा मेमो!"

सिस्टर लाजल्या. त्या वयात, त्या माणसांसमोर, कानापर्यंत लाल झाल्या. "मला ड्युटीला उशीर होत होता हो! मेट्रन दारात घड्याळ घेऊन उभी असायची. आणि हे खाली उतरून त्या म्हातारीशी गप्पा मारत होते. मी उभी होते घंटीच्या दोरीपाशी... ओढली!"

"दोनदा?"

"दोनदा. एकदा ओढून गाडी निघत नाही, एवढं मला माहीत होतं."

"आणि मग?"

"मग काय? वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच बसनं गेले माफी मागायला. तर हे म्हणाले, ड्रायव्हरला सांगणार नाही, पण रोज याच बसनं यायचं."

ड्रायव्हर धपकन खाली बसले. "म्हणजे माझ्या मेमोवर तुमचं लग्न झालं! आणि मी अक्षता टाकून जेवून आलो मूर्खासारखा!" आणि ते असे हसायला लागले की वरून माझी सून काय झालं बघायला खाली आली.

पण बोट अजून हलत होतं. सिस्टरांनी हात वर केला. ड्रायव्हरनी टोपी पुन्हा तोंडावर धरली. हे वाक्य पहिल्यापेक्षा लांब होतं आणि कोणालाही घाई नव्हती.

"हिची जुनी सवय आहे. आधी मला मागे सोडून जाते. मग स्वतःच घ्यायला येते."

सिस्टर उठल्या आणि खिडकी उघडायला गेल्या. खिडकी उघडीच होती.

आता पावडर त्या बाहेरच्या खोलीत तळहातावर घेतात, दोन्ही हात एकमेकांवर चोळतात आणि मगच आत जाऊन पाठीला लावतात. ढग उठत नाही. मेकॅनिक अधूनमधून येऊन यंत्राचा श्वास बघून जातो. स्वतःचा कापूस घेऊन येतो. ड्रायव्हर रविवारी येतात आणि नव्यानं भांडतात, मेमो परत घ्या म्हणून. कंडक्टरसाहेबांची वाक्यं लांबच लांब झाली आहेत. कधीकधी आम्हीच कंटाळतो, पण मध्ये कोणी बोलत नाही.

परवा सिस्टर अशाच एका तापलेल्या पोराला बघायला वर निघाल्या होत्या. मी त्यांना न्यायला आले होते. चपला घालताना त्या आत म्हणाल्या, "अहो, मी जाऊन येते हं. उशीर नाही करणार."

आतून तो सपाट आवाज आला. एवढं बोलायला साहेबांनी, सिस्टरांनी चपलेकडे हात नेल्यापासूनच, सुरुवात केली असणार.

"डबल."

सिस्टर हसल्या आणि निघाल्या.